तुटक्या कंगव्यांचं घोडदळ

दौलतबाबूंची आणि माझी ओळख कंगव्यामुळे झाली. मी शाळेवर नवीन रुजू व्हायला आलो होतो. गाडीतून उतरून ट्रंक फलाटावर ठेवली आणि विस्कटलेले केस सारखे करायला खिशातून कंगवा काढला. त्याचे दोन दात पडलेले होते. तिकिटं गोळा करायला उभे असलेले बाबू माझ्या तिकिटाकडे न बघता त्या कंगव्याकडेच बघत राहिले.

"पुरा तुटला म्हंजे फेकू नोका," ते म्हणाले. "मले आणून द्या."

मला वाटलं, माणूस थट्टा करतोय. पण पुढे बाजारात, विहिरीवर, पोस्टाच्या पेटीपाशी, कुठंही गाठ पडली की नमस्काराच्या जागी ते विचारायचे, "तुटला का?" शेवटी कंटाळून मी तो चांगला चालता कंगवा आपल्या हातानं मोडला आणि नेऊन दिला. त्यांनी तो उजेडात धरला, वाकवून पाहिला आणि समाधानानं म्हणाले, "दोन घोडे निघतीन."

पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. जिल्ह्याचं नाव चांदा आणि गडचिरोली त्याच्याच पोटात. सिंदेवाहीच्या अलीकडे, जंगलाच्या कडेला, छोट्या लाईनीवर आमचं स्टेशन होतं. तिकीट देणारे, तिकीट घेणारे आणि पार्सलाची पावती फाडणारे, सगळे दौलतबाबूच. एक गाडी गेली की दुसरी येईपर्यंत फलाटावर शेळ्यांचं राज्य असायचं. एवढ्या रिकाम्या वेळात दुसरा कोणी झोपला असता. दौलतबाबूंनी घोडदळ उभं केलं.

त्यांच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत माणसाला बसायला जागा नव्हती. दोन रिकाम्या पिंपांवर एक जुनं दार आडवं टाकलेलं. त्यावर लाल माती, वारुळाच्या मातीच्या टेकड्या आणि मधून निळीनं रंगवलेली वैनगंगा. नदीच्या दोन्ही अंगांना अंगठ्याएवढे घोडे आणि त्यांच्यावर भालेवाले स्वार. एका बाजूला गोंड राजाची फौज, दुसऱ्या बाजूला बादशाही फौज. कोणता राजा आणि कोणता बादशहा, हे विचारलेलं त्यांना आवडत नसे. काळ मात्र तोफा यायच्या आधीचा. तोफेचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "तोफ आली अन् घोड्याची इज्जत गेली," म्हणायचे.

प्लास्टिकचे कंगवे तेव्हा नवेच होते. लाकडी फण्या मागे पडत चालल्या होत्या. दौलतबाबूंच्या मते देवानं प्लास्टिकचा कंगवा घोडदळासाठीच घडवला होता, लोक चुकून त्यानं केस विंचरत होते. कंगव्याच्या पाठीतून घोड्याचं धड निघायचं, दातांचे पाय व्हायचे आणि उरलेले दात म्हणजे तयार भाले. स्वार दातघासणीच्या दांड्याचा. ढाली फुटक्या साबणदाणीच्या. सुई तापवून ते नाकपुड्या पाडत आणि सगळं जंगलातल्या लाखेनं चिकटवत. एकदा सेल्युलॉइडचा कंगवा दिव्यावर धरला तो भपकन पेटला आणि त्यांची डावी भुवई घेऊन गेला. ती उगवेपर्यंत त्यांनी काजळानं काढली. दोन दिवस उजवीपेक्षा वर निघाल्यामुळे तिकीट मागणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं, बाबूंना आपला संशय आलाय.

रंग स्टेशनाचे. त्यामुळे घोडे तीनच जातींचे, लाल, पांढरे आणि काळे. पिवळी वस्त्रं पाहिजे असली की वार्निशात हळद. निशाणं कुठून येतात ते मला एकदा गार्डानं सांगितलं. आमच्या स्टेशनची लाल आणि हिरवी झेंडी दरवर्षी थोडी थोडी लहान होत होती म्हणे.

मी शाळेत इतिहास शिकवतो हे कळल्यावर त्यांनी मला लढाईचा पंच नेमलं. पंचाचं काम कवड्या फेकायचं. घोडा एका चालीत एक वीत जाणार, पायदळ चार बोटं. दोन फौजा भिडल्या की मी कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितके स्वार समोरच्याचे कामी आले. घोडा मात्र मरत नसे. तो बाजूला काढून परत तबेल्यात, म्हणजे बिस्किटाच्या डब्यात जायचा. मी म्हटलं, लढाईत घोडे मरतातच की. त्यावर त्यांचं एकच उत्तर, "इतिहासात असंच हाय." मी इतिहासाचा मास्तर आहे, याचा त्यांच्यावर काही परिणाम व्हायचा नाही.

पावसाळ्यात लढाई बंद. मृग लागला की फौजा छावणीत, आणि दौलतबाबू डागडुजीला बसत. दसऱ्याला आपट्याची पानं वाटून झाली की पुन्हा मोहीम सुरू. लग्न केलं नव्हतं. का, तर म्हणे बदलीची नोकरी. ती बदली काही मी पाहिली नाही.

आता समोरच्या फौजेबद्दल. बादशाही बाजू युसूफभाई चालवत. बाजारओळीत त्यांचं मनिहारी दुकान होतं. बांगड्या, बुतामं, रिबिनी आणि कंगवे. उन्हानं वाकडे झालेले कंगवे कोणी इतक्या आवडीनं का मागतो, हे बघायला ते एकदा क्वार्टरवर आले. बराच वेळ पिंपांवरच्या दाराभोवती फिरले आणि म्हणाले, "बाबू, तुही उजवी बाजू कमजोर आहे." दौलतबाबूंनी त्यांच्याकडे पाहिलं, हातातला घोडा खाली ठेवला आणि समोर स्टूल सरकवलं. तेव्हापासून दर रविवारी दुपारी लढाई. युसूफभाई कमी बोलायचे, सावकाश खेळायचे आणि बहुतेक वेळा जिंकायचे. हरले की दौलतबाबू दोन दिवस तिकिटाच्या खिडकीतून सुटे पैसे आपटून द्यायचे. गावाला सोमवारी सकाळी लढाईचा निकाल असा कळायचा.

मी तिथं गेल्याच्या तिसऱ्या वर्षी, उन्हाळ्याच्या शेवटी, युसूफभाईंनी दौलतबाबूंचाच एक घोडा उचलून पुढे सरकवला. मला वाटलं, डाव आहे काही. पुढच्या रविवारी त्यांनी टेकडीला हात मारला आणि एक अख्खी रांग आडवी केली. दौलतबाबूंच्या घोड्याला कोणी बोट लावलं तर ते एरवी गावभर बोंब मारत. त्या दिवशी त्यांनी एकेक घोडा गुपचूप उभा केला आणि मला म्हणाले, "मास्तर, कवड्या टाका."

युसूफभाईंचे मुलगे त्यांना नागपूरला डॉक्टरकडे घेऊन गेले. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली टिकायची नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. ही बातमी मी दौलतबाबूंना तिकिटाच्या खिडकीत दिली. त्यांनी "अस्सं" म्हटलं आणि माझ्या मागच्या माणसाला तिकीट दिलं.

त्या पावसाळ्यात त्यांनी दार लावून घेतलं. जळक्या प्लास्टिकचा वास शाळेपर्यंत यायचा. वाकड्या कंगव्यांवर भागेना म्हणून त्यांनी गार्डांना सांगून नागपुरापासून तुटक्या दातघासण्या जमवल्या. कोणाला आत घेत नव्हते. मलाही नाही.

दसऱ्याला आम्हा दोघांना बोलावणं आलं. तोवर युसूफभाईंना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. मी त्यांचा हात धरून आत नेलं आणि पाहतच राहिलो. सगळी फौज नवीन होती, आणि एकाही घोड्याला रंग नव्हता. गोंडांचे घोडे मान वर करून उभे, बादशाही घोडे मान खाली घालून. सरदाराच्या घोड्याला कपाळावर मणी. टेकड्या लाखेनं दाराला पक्क्या केलेल्या. नदीच्या जागी खोबणी. आणि दाराच्या चारही कडांना सुतळी, तिला वितीवितीवर गाठी.

"रंग का नाही दिला?" मी विचारलं.

"इतिहासात असंच हाय," दौलतबाबू म्हणाले. "गोंडाचे घोडे मान वर करूनच चालत. रंगानं घोडा जड होते."

युसूफभाईंनी हात पुढे केला. एका घोड्यावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्यावरून. नदीच्या खोबणीतून बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. सुतळीच्या गाठी चाचपल्या. शेवटी ते म्हणाले, "मुंडी खाली आहे ते माहे का?"

"हो."

"जिंकून जिंकून थकली अशीन."

"तुहीच फौज आहे. तूच इचार तिले."

लढाई सुरू झाली. युसूफभाई दिवाळीपर्यंत दर रविवारी येत राहिले आणि दर रविवारी जिंकत राहिले. मी पंच, त्यामुळे मला दिसत होतं. दौलतबाबू एका वितीच्या जागी पाऊण वीत जायचे. नदीकाठी राखीव ठेवलेले त्यांचे स्वार जागचे हलायचे नाहीत. माझ्या कवड्या बादशाहीच्या विरुद्ध पडल्या की टेबलाखालून माझ्या पायावर पाय यायचा. मी एकदोनदा आकडा कमी सांगितला. दौलतबाबू हरायचे आणि सोमवारी खिडकीतून सुटे पैसे हळू, हातात ठेवून द्यायचे. गाव चक्रावलं.

दिवाळीनंतरच्या रविवारी युसूफभाईंनी खेळता खेळता हात लांब केला, नदीकाठ चाचपला आणि दौलतबाबूंचे ते राखीव स्वार मोजले. मग हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

"हे कधीपासून इथी उभे आहेत?"

दौलतबाबू हातातला घोडा पुसू लागले.

"बाबू, माहे डोळे गेले. डोस्कं नाई गेलं." आवाज वर गेला नव्हता. "इतकी खराब लढाई तू झोपेतही करणार नाई. मले खैरात नाई पाहिजे. खैरात देणारे घरी लय आहेत. तोंड धुवून देतात, घास हातात देतात. मी इथी लढायले येत होतो."

ते उठले. मी हात द्यायला गेलो तर त्यांनी तो बाजूला केला आणि फलाटाच्या कुंपणाला हात लावत, काठी टेकत निघून गेले. दौलतबाबू खिडकीतून बघत राहिले. ते बाजारओळीत वळेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

नंतरच्या रविवारी लढाई झाली नाही, आणि त्यानंतरच्याही. दौलतबाबूंचा स्वभाव पाहता ते माफी मागायला जाण्यातले नव्हते. ते मोठ्या माणसाला पोराचं अर्धं तिकीट देऊ लागले. सिंदेवाहीचं मागणाऱ्याला पुढच्या मूल गावचं दिलं आणि भांडणही केलं नाही. मी शाळा सुटल्यावर क्वार्टरवर गेलो की फौज जशीच्या तशी उभी असायची, फक्त रोज पुसलेली.

एक दिवस त्यांनी मला थांबवलं.

"मास्तर, बाजारात जाऊन राह्यले का? त्याले सांगा, त्याची फौज उघड्यावर उभी आहे. सरदार बिनडोक्याचा निघाला. येत्या रविवारी आला नाई तर मी कत्तल करतो, अन् आला तरी करतो."

मी निरोप दिला. युसूफभाई दुकानात बसून बोटांनी बुतामं निवडत होते, मोठी एकीकडे, लहान एकीकडे. त्यांनी ऐकून घेतलं आणि हातातलं बुताम बराच वेळ फिरवत राहिले. "कत्तल म्हणाला का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "बरं," ते म्हणाले.

रविवारी ते आले. त्या दिवशी दौलतबाबू जसे लढले तसे मी त्यांना कधी पाहिले नव्हते. राखीव स्वार त्यांनी पहिल्याच चालीत नदीपार घातले. टेकडीच्या आडून डावी बगल फोडली. माझ्या पायावर पाय आला नाही, आणि मी कवड्या मोजल्या तशा सांगितल्या. युसूफभाईंनी मधली फळी खूप वेळ धरून ठेवली, एकदा तर गोंडांचा सरदारही अडचणीत आणला. पण बाजू पहिल्याच तासात कलली होती. प्रत्येक पडलेला स्वार दौलतबाबू उचलून त्यांच्या तळहातावर ठेवायचे आणि कुठला ते सांगायचे. उजवीकडचा. टेकडीवरचा. युसूफभाई तो चाचपून ओळीनं मांडीवरच्या रुमालात ठेवायचे. शेवटी मणीवाल्या घोड्यासकट सरदार हातात आला, तेव्हा त्यांनी घोड्याच्या कपाळावरून अंगठा फिरवला.

"माही डावी बाजू मी उघडी सोडली होती," ते म्हणाले.

"हो. मूर्खपणा केला."

"केला." युसूफभाई हसले. त्या पावसाळ्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. रुमालाची गाठ मारून त्यांनी ती दौलतबाबूंच्या हातात दिली आणि उठता उठता म्हणाले, "पुढच्या रविवारी डावीकडे नको येऊ. मी तिथी बसून राहीन."

"सांगून कोणी बसते का?"

"तू येशीन. मले माहीत आहे."

या वेळी त्यांनी मला हात धरू दिला. त्यांना दुकानापर्यंत सोडून मी परत आलो, तर दौलतबाबू स्टुलावर बसलेले. रुमालाची गाठ सोडून बादशाही स्वार पुन्हा जागेवर लावत होते. डावी बाजू आधी भरत होते.

"लढाई झकास झाली," मी म्हटलं. "मनासारखी जिंकलात."

त्यांनी वर पाहिलं नाही. एक घोडा लावला, तो कलला, पुन्हा सरळ केला.

"मास्तर," ते म्हणाले, "जिंकायले आज लय त्रास झाला."

तेवढ्यात जंगलाच्या बाजूनं गाडीची शिटी ऐकू आली. त्यांनी खुंटीवरची टोपी घातली, बंडीची बुतामं लावली आणि तिकिटाची खिडकी उघडायला गेले.