जिभेखालची गोळी

नामपूरच्या कांदा मार्केटात लिलावाची वाट बघणारी माणसं तंबाखू वाटून खातात, तशाच गोळ्याही. एकाला गुण आला की दुसऱ्याच्या तळहातावर. बैल नुसता शिंकला तरी ढोरांचा डॉक्टर बोलावतील. स्वतःच्या पोटात मात्र कुणाच्याही खिशातलं टाकतील. (त्याच शहाण्यांत मीही बसतो.)

तिथंच रंगनाथनं मला ती निळी गोळी दिली. मिशीचा कलप गालापर्यंत उतरलेला हा आमचा वैद्य.

"हिरामण, घे. पुन्हा नवरदेव होशील!"

आता मला छातीचा त्रास. दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी नाशिकच्या डॉक्टरनं दिलेली. बजावलंही होतं, "हिच्यासोबत ताकदीची गोळी घ्यायची नाही. बीपी एकदम पडतं, माणूस जातो." पण छाती बरेच दिवस गप्प होती. मला वाटलं, विसरली असेल.

पोरगा-सून येवल्याला पैठणी घ्यायला गेलेले. भर दुपारी गोळी गिळली, केसांना तेल लावलं, भांग पाडला.

माझी बायको कुसाबाई म्हणाली, "आवं, कुणाच्या मयतीला निघाले?"

तेवढ्यात छातीत कळ आली. ती धावत जिभेखालची गोळी घेऊन आली. "आ करा!"

मी दात आवळले. तोंड उघडावं तर गोळी आत, न उघडावं तर सांगावं कसं? आणि सांगावं तरी काय?

"ठमाबाई, धाव गं! यांची दातखीळ बसली!"

शेजारची ठमाबाई उलथणं घेऊनच आली. मागं सगळी आळी.

"नाक दाबा!"

"कांदा फोडून हुंगवा!"

"बघता काय, घाला गोळी!" हा रंगनाथ. (सल्ला द्यायला हा सगळ्यांच्या पुढं.)

उलथणं दातांत शिरलं तेव्हा मी अब्रू सोडली. "नको! रंगनाथची निळी गोळी खाल्लीय मी!"

रंगनाथ चपला शोधायला लागला.

जीपमधून नामपूरच्याच दवाखान्यात नेलं. कुसाबाईनं दारातूनच डॉक्टरला ते ओरडून सांगितलं. (बाकावरच्या पेशंटांनाही कळलं.)

मी जरा सावरल्यावर डॉक्टर म्हणाले, "बोललात म्हणून वाचलात. वर जिभेखालचीही तोंडात गेली असती तर हाताला लागला नसतात. अहो, मला विचारायचं, दुसरा काही उपाय बघितला असता. लाजेनं मरतात माणसं!" मग हळूच म्हणाले, "बरं, त्या गोळीनं काही फरक पडला?"

मी तोंड उघडायच्या आत कुसाबाई बोलली, "पडला ना. जबडा तेवढा ताठ झाला."