गवार, कवळी बघून

दात जपावेत असं सगळेच सांगतात. मीही जपले. फक्त जरा उशिरा, म्हणजे ते पडून गेल्यावर.

खरे दात होते तेव्हा घरची राखुंडी फुकट मिळत होती, तीही मी चिमटीनं वापरली. (काटकसर आमच्या रक्तातच आहे.) मेन रोडला दातांच्या डॉक्टरानं पाटी लावली, तेव्हा कचेरीतले बाकीचे कारकून जाऊन तोंड दाखवून आले. तपासणीचे आठ आणे! नुसतं 'आ' करायचे आठ आणे? मी तेवढ्याची सुपारी घेतली आणि महिनाभर कडाकडा फोडली. पुढं एकेक दाढ निघाली आणि प्रत्येकीनं जाताना डॉक्टरची फी वसूल केली. शेवटी कवळी बसवायची वेळ आली. साठ रुपये! माझा पगार तीस.

वत्सलानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, हातातल्या पाटल्या काढून दिल्या. माहेरच्या होत्या. मला फार वाईट वाटलं, अगदी मनापासून. (पाटल्यांचे बासष्ट आले, दोन उरले, तेवढंच समाधान.) तेव्हापासून सणावारी चार बायका घरी आल्या की ती मला म्हणते, "हसा की जरा, माझ्या पाटल्या दिसू देत."

इतकी महागाची वस्तू झिजवायची कशाला? म्हणून मी एक छोटासा निर्णय घेतला. कवळी बोलायला आणि हसायला लावायची, खाताना काढून ठेवायची. हत्तीचं तसंच असतं म्हणतात. फरक इतकाच की त्याला खायचेही दात असतात.

त्या बुधवारी कचेरीत निघालो, तर वत्सला म्हणाली, "आज रात्री देवळ्याहून दादा जेवायला येतोय. पाटल्या कुठं गेल्या विचारलं तर मी काय मोकळे हात दाखवू? तुम्ही आपले समोर बसून छान हसा. आणि येताना बाजारातून गवार आणा. कवळी बघा हो."

मी अंगठ्यानं कवळी दाबून पाहिली. "बघितली. घट्ट आहे."

तिनं कपाळावर हात मारला. "गवारीचं म्हणतेय मी!"

संध्याकाळी नदीकाठी, म्हणजे आमच्या गंगेवर, भरणाऱ्या बुधवारच्या बाजारात लंकाबाई भाजीवालीकडून मी गवार घेतली. शेजारच्या कढईत भजी तळत होती. मोह झाला. नियमाप्रमाणे कवळी काढली, रुमालात गुंडाळली, आणि बाजारात खिसेकापू फार म्हणून अगदी जपून ठेवली. भजी हिरड्यांनी मऊ करून गिळली. मग खिसा चाचपला. कवळी नाही. दुसरा खिसा, पिशवी, कढईखालचा चिखल. नाही! (माझ्या घरात हरवते ती नेहमी जपून ठेवलेलीच वस्तू.) काळजीनं डोकं जड होतं म्हणतात ते खरं आहे. माझं तर टोपीपर्यंत जड झालं होतं.

धावत लंकाबाईकडे गेलो. "बाई, माझे दात!" असं ओरडलो, पण दातांशिवाय 'दात' म्हणता येत नाही. तोंडातून 'हात' निघालं.

"हात तर दोन्ही हायेत की, दादा."

मग मला बिनदाताचं म्हणता येणारा शब्द सुचला. "कवळी! कवळी कुठंय?"

"ही काय! लय कवळी हाय. सकाळीच तोडली."

"तोडली?"

"मंग? मोडून बघा ना, कटकन मोडती."

"मोडू नका! बायकोच्या पाटल्या आहेत त्यात!"

"पाटल्या?" लंकाबाईनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "आता उलीशीच उरली. बाकी समदी इब्राहिमभाई टांगेवाल्यानं नेली. घरी जाऊन शिजवतो म्हणला."

घाबरलेल्या माणसाला सकाळी समजलेली गोष्ट संध्याकाळी परत समजत नाही. मी तडक दूध बाजाराकडे सुटलो. इब्राहिमभाई आमच्या साहेबांना टांग्यातून आणायचे, म्हणून घर ठाऊक होतं. वाटेत प्रत्येक टांग्यात डोकावलो. पोहोचलो तेव्हा चूल धडधडत होती आणि त्यांच्या जैतुनबी पातेल्यात पळी फिरवत होत्या.

"इब्राहिमभाई! कवळी शिजायला घातली?"

"हां, रावसाहब," इब्राहिमभाई म्हणाले, "मगर गलतीच नाही, मऊच होत नाही!"

"गळणार कशी? ती शिजत नसते!"

"वही तो!" आतून जैतुनबी कडाडल्या. "तासभर झाला. नुसती दांतों में अटकती है!"

दात हा शब्द ऐकताच माझा धीर सुटला. मी पळी घेऊन पातेलं ढवळलं. खालीवर गवार, नुसती गवार. इब्राहिमभाईंनी माझ्या उघड्या तोंडात पाहिलं, आणि त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "अरे, वो कवळी!" म्हणून ते बाजेवर आडवे पडून हसले. जैतुनबी पदरात तोंड खुपसून हसल्या. त्या घरातल्या सगळ्यांना दात होते, हे मला तेव्हा नीट दिसलं.

घरी परतताना मला रडू आलं. साठ रुपयांचं नव्हे (थोडं त्यांचंही), वत्सलाच्या मोकळ्या हातांचं.

मेव्हणे गोरक्ष येऊन बसले होते. मी ओठ घट्ट मिटून मान डोलावली. वत्सलानं गवार फोडणीला टाकली आणि येता-जाता खुणावू लागली : हसा, हसा! मी मिटल्या ओठांनी हसलो.

"दाजी रुसले का काय?" गोरक्ष म्हणाले. "आन् वत्सला, तुझ्या पाटल्या गं कुठं हायेत?"

मी पाटावर बसलो. बोलायची सोय नव्हती.

"अहो, जेवताना टोपी तरी काढा," वत्सला वैतागून म्हणाली.

मी टोपी काढली. आतला रुमाल सुटला आणि साठ रुपयांची कवळी गोरक्षांच्या आमटीच्या वाटीत पडून त्यांच्याकडे पाहून हसू लागली.

मग वत्सला शांतपणे म्हणाली, "दादा, त्या बघ माझ्या पाटल्या."

गोरक्ष इतके हसले की त्यांच्याही तोंडात पुढचे दोन आणि मागं अंधार, हे उघड झालं. हसून झाल्यावर त्यांनी गवारीचा घास घेतला. बराच वेळ चावला. मग तोंडातून एक लांब दोरा ओढून काढला.

"वत्सला, ही गवार हाय का सुतळी?"

"गावभर कवळी शोधत फिरले वाटतं," वत्सला म्हणाली, "आणि गवार आणली जून!"

गोरक्षांनी वाटीतून कवळी उचलली, पेल्यातल्या पाण्यात बुचकळली आणि माझ्याकडे पाहिलं. "दाजी, तुम्ही तर दातांनी जेवत नाय म्हणं. रिकामेच हायेत, तर मी जरा वापरू का?"

मी वत्सलाकडे पाहिलं.

"वापर की रे," ती म्हणाली. "बाबांनीच केलेल्या पाटल्या. तुझाही हक्क आहे."

त्या रात्री माझे दात पहिल्यांदाच पोटभर जेवले. मी ताकभातावर उठलो.