लाल पानांची पारख

दत्तात्रेय बापट रेल्वेतून निवृत्त झाले आणि सुहासिनीबाईंच्या स्वयंपाकघराला साडेसाती लागली. आधी मोहरी की जिरं, डबे डावीकडून लावायचे की उजवीकडून, सगळ्यात त्यांचं नाक. तीन महिन्यांत बाई मेटाकुटीला आल्या.

म्हणून दत्तात्रेयरावांच्या डोक्यात बोन्सायचं खूळ शिरलं, तेव्हा बाईंनी देवापुढे साखर ठेवली. झाड जपानी मेपलच हवं, तेही लाल पानांचं. रावांनी झाशीच्या सीपरी बाजारातल्या एका नर्सरीत अर्धा दिवस घालवला. पान पाठीमागूनही लाल हवं, त्याला बोटं पाचच हवीत. चाळीस रोपं उलटीपालटी करून त्यांनी एक पारखलं. "पक्का जापानी है, बाबूजी," नर्सरीवाला म्हणाला.

महिन्याभरात पक्का जपानी कमरेला लागला. झाशीची हवा मानवली म्हणत राव दर रविवारी चिमुकल्या कात्रीने छाटणी करू लागले. सुहासिनीबाईंनी एक छाटलेलं पान सहज दाताखाली धरलं. आंबट! अहो, माहेरी वर्ध्याला लहानपणापासून खाल्लेली अंबाडीच ती, फक्त लाल जातीची. पण बाईंनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. सांगितलं असतं तर राव पुन्हा ओट्यापाशी. मग दर सोमवारी ताटात लसणाची फोडणी घातलेली भाजी पडू लागली.

"फक्कड झालीय. कुठे मिळाली गं?"

"सीपरी बाजारातली आहे," बाई म्हणाल्या. खोटं काय त्यात?

पुढे कळ्या धरल्या. मेपलला जास्वंदीसारखी फुलं येत नाहीत एवढं रावांनाही ठाऊक होतं, म्हणून बाई रोज त्यांच्या आधी उठून कळ्या खुडत आणि देवाला वाहत. सगळं निभावलं असतं, पण रावांनी सिव्हिल लाइन्समधल्या पुष्पप्रदर्शनात नाव घातलं. नेमकी त्याच दिवशी एक कळी पानाआड राहिली आणि परीक्षकबाई येईपर्यंत छान उमलली. त्यांनी फूल पाहिलं, पान तोडून चाखलं.

"भाईसाहब, इसकी तो चटनी बनती है."

राव कुंडी मांडीवर घेऊन ऑटोने परतले. त्यांचा चेहरा पाहून बाईंनी आधी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"म्हणजे सहा महिने मी भाजी सांभाळत होतो?"

बाईंना अगदी भरून आलं. "वाईट वाटून घेऊ नका. भाजीतलं इतकं कुणाला कळत नाही हो, जितकं तुम्हाला कळतं."

हे सांत्वन त्यांना भोवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी राव स्टूल आणि चिमुकली कात्री घेऊन ओट्यापाशी हजर. बाईंनी मेथी चिरायला विळी मांडली, ती त्यांनी हलकेच बाजूला सरकवली.

"सपासप चिरायची नसते गं. एकेक पान पारखून छाटायची असते."