कैद्याशी नाते (योग्य पर्यायावर खूण करावी)

इसवी सन तीन हजार चारशेमध्ये माणूस प्रकाशाहून वेगाने प्रवास करील, त्याचे दात पडणार नाहीत आणि बेंगळुरातला होसूर रोडसुद्धा मोकळा असेल. परंतु बाईला प्रेमात पाडायचे तर तिला आधी कोठडीतच टाकावे लागेल, याविषयी जाणकारांत दुमत नाही.

मनस्विनी ही या क्षेत्रातली मान्यवर लेखिका. वय एकतीस, मुक्काम जयनगर, घराणे साडेतीनशे वर्षांपासून बेंगळुरात (घरात मराठी, बाजारात कन्नड, भांडणात दोन्ही). दिवसा ती बोम्मसंद्रातल्या पंपांच्या कारखान्यात पंप तपासायची आणि जाण्यायेण्याच्या तीन तासांत, बसमध्ये, मोबाइलवर, एका कथांच्या ॲपसाठी ‘व्रोगनची बंदिनी’ ही मालिका लिहायची. व्रोगन नऊ आकाशगंगांचा सम्राट. उंची सात फूट, कांती निळसर, स्वभाव तापट. त्याने पृथ्वीवरून इरा नावाची वनस्पतिशास्त्रज्ञ पळवून आपल्या यानाच्या तळघरात (यानाला तळघर असते) डांबली होती. दर भागात तो म्हणे, “तू माझी आहेस.” दर भागात ती म्हणे, “कधीच नाही,” आणि तिचा श्वास वाढे. असे एकोणचाळीस भाग झाले होते. वाचक दोन लाख.

शुद्धलेखन अण्णा तपासत. अण्णा म्हणजे तिचे वडील, जयतीर्थराव, तुरुंग खात्यातले निवृत्त अधीक्षक. चौतीस वर्षे शेकडो माणसांना कुलपात ठेवलेला हा गृहस्थ घरी दुसरी कॉफी हवी असली की आधी पत्नीचा, वसुमतीबाईंचा, चेहरा पाहून येई (आणि बहुधा पाणी पिऊन परते). त्यांनी ऱ्हस्वदीर्घाच्या चुका तीनच काढल्या. बाकी छापील प्रतीचा समास लाल शाईने भरून टाकला:

भाग ४: दाखल करताना वैद्यकीय तपासणी नाही.
भाग ९: कैदी रेशमी झग्यात. कोणाच्या आदेशाने?
भाग १७: एकोणीस दिवसांत शिरगणती एकदाही नाही. पळाली असती तर कळले कसे असते?
भाग २२: ‘सम्राटाने तिला भिंतीशी रेटले.’ पहारेकरी कुठे होता? जबाब घ्यावा.

“अण्णा, हे प्रेम आहे,” मनस्विनी म्हणाली.

“असेल. पण तिचा गुन्हा काय?”

“काही नाही. त्याला ती आवडते.”

अण्णांनी चष्मा पुसला. “सरी, बरं. म्हणजे बेकायदा डांबलंय.”

त्याच आठवड्यात मनस्विनीला ताप भरला, एकशे तीन. तिचा ॲपशी दोनशे भागांचा करार होता. रोज एक भाग. एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तिला मोबाइल हातात धरवेना. अण्णा म्हणाले, “मी लिहितो.” ती तापात “हं” म्हणाली, आणि अशा रीतीने चाळिसावा भाग खात्याकडे वर्ग झाला.

त्या भागात सम्राट कोठडीकडे आला तेव्हा दारात पहारेकरी होता. नाव हणमंतराव (आकाशगंगेतले पहिलेच). “भेटीचा फॉर्म भरा,” हणमंतराव म्हणाले.

“मी नऊ आकाशगंगांचा स्वामी आहे!” सम्राट गरजला.

“ते मागच्या बाजूला लिहा. आधी रकाना तीन. कैद्याशी नाते.”

पर्याय चार होते: वडील, भाऊ, पती, वकील. स्वामी नव्हता. सम्राटाने फॉर्म उलटा करून पाहिला. “मग मी काय लिहू?”

“आम्हाला काय विचारता? कैद्याला विचारा.”

तेव्हा सात फुटांचा सम्राट वाकला, त्याने जाळीला तोंड लावले, आणि चाळीस भागांत प्रथमच त्याच्या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आले. “मी तुझा कोण?”

“स्वल्प विचार करून सांगते,” इरा म्हणाली. “उद्या या. रांगेत.”

संध्याकाळपर्यंत अकरा हजार प्रतिक्रिया आल्या. चार हजार दोनशे बायकांनी याहून प्रणयरम्य काही वाचले नसल्याचे कळवले. सहाशेजणींनी हणमंतरावांचा फोटो मागितला. नागपूरहून व्हाइटफील्डला आलेल्या एकीने तो फॉर्म छापून नवऱ्यापुढे ठेवला (नवरा दोन दिवस रकाना तीनवर अडून होता).

अण्णांनी पुढचे सात भाग लिहिले. सम्राट रांगेत उभा राहायला शिकला, दुसऱ्यांची जागा धरायला शिकला. सेहेचाळिसाव्या भागात इराने पाचवा पर्याय स्वतःच्या हाताने लिहून त्यावर खूण केली: ‘परिचित.’ सम्राट रडला. सत्तेचाळिसाव्या भागात हणमंतरावांनी तिची फाइल उघडली. आरोप कोणताच नव्हता. त्यांनी तिला सोडून दिले.

लगेच भव्याचा फोन आला. भव्या ॲपच्या मराठी विभागाची प्रमुख. तिला मराठी येत नसे; आलेख यायचा. ती कन्नडमध्ये म्हणाली, “सर, वाचकांचा आलेख पडला. तिला परत आत टाका.”

“गुन्हा?”

“गुन्हा कशाला? करार आहे. मनस्विनीचे एकशे त्रेपन्न भाग बाकी आहेत.”

अण्णांनी करार मागवून बैठक मारून वाचला. वाचता वाचता त्यांचा आवाज उतरला. “रजा नाही. आजारपण नाही. चांगल्या वर्तनाची सूट नाही. मने, जन्मठेपेवाल्याला सूट मिळते गं.” मग ते ताठ झाले. “मी उत्तर देतो त्यांना. मी अठ्ठेचाळिसाव्या भागात असं लिहितो की…”

“अहो,” वसुमतीबाई पेजेची वाटी घेऊन आल्या, “तिला विचारलंत का?”

आठ दिवस मुलीची कथा आपण चालवतो आहोत, आणि त्याला परवानगी म्हणून तापातल्या एका ‘हं’वर भागवले, हे अधीक्षकांच्या तेव्हा ध्यानात आले. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी मोबाइल दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. “चुकलं माझं. तुला काय हवंय?”

मनस्विनीला हे गेल्या वर्षभरात कोणी विचारले नव्हते. तिने पेज संपवली. तिने शेवटचा भाग लिहिला: इरा देवनहळ्ळीजवळच्या मोकळ्या माळावर उतरली. सम्राटाने विचारले, “मी येऊ?” ती म्हणाली, “आधी कळवून ये,” आणि गवत न्याहाळत चालू लागली. समाप्त. ॲपने सायंकाळीच मनस्विनीचे खाते बंद केले. ती बारा तास झोपली. आता ती बसमध्ये खिडकीबाहेर पाहते. होसूर रोडला झाडे आहेत, हे तिला नव्यानेच कळले आहे.

वाचकांना मात्र हे मुळीच रुचले नाही. इराला प्रेमासाठी पुन्हा पकडावे का, यावर ॲपने मतदान घेतले. एक्क्याण्णव टक्के मते ‘पकडावे’ अशी पडली. ती देणाऱ्यांत बहुसंख्य सुशिक्षित होते, स्वातंत्र्यावर त्यांची श्रद्धा होती, आणि त्यांपैकी निम्म्यांनी मत साहेबांच्या मीटिंगमध्ये, टेबलाखालून दिले. पुढच्या सोमवारी दुसऱ्या लेखकाने इराला माळावरून उचलले.

आपण त्या मतदानात नव्हतो, असे आपण म्हणाल. बरोबर आहे. परंतु वर ‘समाप्त’ हा शब्द स्पष्ट छापला होता, मुलगी सुखरूप पृथ्वीवर पोचली होती, आणि तरीही पुढे काहीतरी होईल म्हणून आपण वाचत राहिलात. आपले मत मिळाले. आभारी आहोत.