घरचा काटा

सगळ्या तपासण्यांत वहिनी पास झाल्या आणि नेमक्या वजनात नापास झाल्या. रक्त झालं, साखर झाली, हृदयाचा आलेख झाला, नळीत फुंकर मारून श्वास मोजून झाला, घशातून दुर्बीण पोटात जाऊन आली. समुपदेशकाने "मन कसं आहे?" विचारलं, तर "मन बारीकच आहे, बाकीचं बघा," म्हणून वहिनींनी त्यालाही गार केलं. उरली एकच अट. वजन कमी करायच्या ऑपरेशनला यायचं, ते आधी सहा किलो वजन कमी करून! ऐकणाऱ्याला हसू येतं, पण डॉक्टर हसत नव्हते. "यकृत सुजलंय. ते थोडं आटलं नाही तर आत हत्यार फिरवायला जागा नाही. त्याशिवाय मी हात लावणार नाही."

आणि ऑपरेशन तर हवंच होतं. चार पायऱ्या चढल्या की वहिनींना धाप लागायची, साखर औषधांना जुमानत नव्हती. असंच चाललं तर हृदयावर येईल, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

वहिनींचे यजमान वजनकाटे दुरुस्त करायचे. सगळा बाजार त्यांना काटेवाले म्हणायचा. "काट्याशी आणि बायकोशी खोटं वागू नये," हे त्यांचं लाडकं वाक्य. या वयात येऊन त्यांनी ते दोन्हीकडून एकाच स्क्रूने मोडलं.

झालं असं, की पहिला आठवडाभर वहिनींनी उकडलेल्या भाज्यांशिवाय कशाला हात लावला नाही, आणि घरच्या काट्याची सुई तसूभर हलली नाही. वहिनी पलंगाच्या कडेला बसल्या आणि गुपचूप डोळे पुसू लागल्या. "माझ्याच्यानं नाही व्हायचं हो." काटेवाल्यांना ते बघवेना. दुपारी त्यांनी काटा उघडला आणि आतला स्क्रू जरासा पिळला. पुढच्या वेळी अर्धा किलो उतरला. मग दर आठवड्याला पिळणं आलं. खरं वजन मागून उतरेलच, तेव्हा स्क्रू हळूच परत फिरवू, असा बेत होता. खरं वजन काही उतरेना. घरच्या काट्यावर मात्र वहिनी सहा किलोंनी झडल्या, आणि ठरलेली मुदत संपून हॉस्पिटलचा फोन आला, "या आता."

"पुढच्या महिन्यात गेलं तर?" काटेवाल्यांनी विचारून पाहिलं.

"का? उतरलंय की वजन," वहिनी म्हणाल्या. काटेवाल्यांनी स्कूटर काढली.

हॉस्पिटलात वहिनी काट्यावर चढल्या. आहारतज्ज्ञ बाईंनी आकडा पाहिला आणि चष्मा पुसला.

"एक ग्रॅमसुद्धा कमी नाही. उलट थोडं जास्तच आहे."

"तुमचा काटा खोटा आहे!" वहिनी अशा कडाडल्या की बाहेरच्या बाकांवरचे पेशंट आत डोकावले. "घरी सहा किलो कमी भरलंय. माझ्या मिस्टरांचा जन्म गेलाय काट्यांत!"

झालं. ठिणगी पडायचाच अवकाश होता. "तरीच म्हटलं! मागच्या खेपेला मला तीन किलो जास्त दाखवलं," एक गृहस्थ उठले. "मी तर नुसती सोबत आलेय, सहज चढले, तर पासष्ट? शक्यच नाही!" दुसऱ्या बाईंनी सूर लावला. ज्याचं त्याचं वजन जास्त होतं आणि प्रत्येकाला आता कारण सापडलं होतं. सगळ्यांचं वजन पुन्हा करा, जमल्यास तपासण्याही पुन्हा करा, असा गलका उडाला.

आहारतज्ज्ञ बाई घाबरल्या. काट्याच्या बाजूला दुरुस्तीवाल्याचा नंबर चिकटवलेला होता. त्यांनी तो फिरवला. फोन वाजला तो थेट कोपऱ्यातल्या बाकावर, उघडलेल्या वर्तमानपत्राच्या मागे.

वर्तमानपत्र खाली आलं. मागे काटेवाले होते, कपाळावर घाम घेऊन.

इकडे आड, तिकडे विहीर! हॉस्पिटलचा काटा खोटा म्हणावा, तर तो त्यांनीच मागच्या महिन्यात तपासून दिलेला. खरा म्हणावा, तर घरचं बिंग फुटणार. त्यांनी स्कूटरच्या पेटीतून सरकारी शिक्क्याची वजनं आणली, एकेक करून काट्यावर ठेवली. काटा ग्रॅमाग्रॅमाला खरा होता.

काटेवाल्यांनी वहिनींकडे पाहिलं. आत्ता "बिघडलाय" एवढं म्हटलं असतं की लाज वाचली असती. पण मग न आटलेल्या यकृतावर उद्या कुणी हत्यार फिरवलं तर?

"काटा बरोबर आहे," ते म्हणाले. "घरचा खोटा आहे. मीच केलाय." आणि वहिनींकडे वळून, "तू रडलीस ना त्या दिवशी. मला नाही बघवलं गं."



"ठाऊक आहे मला," वहिनी म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?"

"घर झाडताना तुमचं वीस किलोचं वजन काट्यावर ठेवलं होतं. एकोणीससुद्धा भरेना. लोखंड डाएट करत नाही, एवढं कळतं मला."

"मग इथे का भांडलीस?"

वहिनी पदराशी चाळा करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "काटा खोटा ठरला असता तर माझं बिंग न फुटता सगळं महिनाभर पुढे गेलं असतं. त्या दुर्बिणीच्या वेळी सुई टोचली न् दिवा विझावा तशी मी गेले. मधलं काही आठवत नाही. ऑपरेशनला तर किती तास. नाहीच उठले तर? आणि तुम्ही आपले स्क्रू पिळताय. मला वाटलं, यांना घाई झालीय. पुढच्या महिन्याचं विचारलंत, तेव्हाही वाटलं माझी परीक्षाच बघताय; भीती वाटते हे तोंडाने कसं सांगू? तुम्ही कामावर गेलात की बिस्किटं खायची मी. वजन उतरूच नये म्हणून."

काटेवाले बायकोजवळ आले. "घाई? अगं, मी रोज देवाला सांगतोय, तिच्याऐवजी मला झोपव तिथे."

"तुमचं यकृत चांगलं आहे, ते का कापतील?" वहिनी म्हणाल्या आणि रडता रडता हसल्या. बाकावरच्या सोबतवाल्या बाईही डोळे पुसू लागल्या. पासष्टचा विषय त्यांनी सोडून दिला.

आहारतज्ज्ञ बाईंनी महिनाभराची मुदत दिली, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांशी बोलणं करून दिलं. घरी आल्यावर काटेवाल्यांनी बायकोसमोर स्क्रू सरळ केला. वहिनींनी स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला आणि कपाटाच्या किल्ल्यांना बांधून टाकला. मग म्हणाल्या, "आता तुम्ही चढा."

खऱ्या काट्यावर काटेवाले चांगलेच वाढलेले निघाले. बायकोच्या नजरेला पडू नये म्हणून घरातलं गोडधोड तेच संपवत होते, आणि पिळलेल्या काट्याने ते त्यांनाही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून उकडलेल्या भाज्या दोघांच्या ताटात आल्या. या वेळी सुई रडतखडत का होईना, पण खरी उतरली.

ऑपरेशनच्या सकाळी, आत नेण्यापूर्वी, वहिनींनी स्क्रू ड्रायव्हरसकट किल्ल्यांचा जुडगा नवऱ्याच्या हातात दिला. "बाहेर आले की परत घेईन. तोवर कुठल्या काट्याला हात लावाल तर बघा!"

काटेवाले तो जुडगा मुठीत आवळून दाराबाहेर बसून राहिले. कुणी चहा विचारला, त्यांना ऐकू आलं नाही. दुपारी सिस्टरने आत बोलावलं. वहिनींचे डोळे अर्धवट उघडे होते, ओठ कोरडे पडले होते. त्यांनी चादरीखालून हात बाहेर काढला आणि तळवा पसरला.

"आणा तो इकडे," त्या पुटपुटल्या.