ब्लूटूथवरचे मामा

यंत्रांच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये! आमच्या नेरुळच्या सोसायटीत कुणाचा टीव्ही बिघडला, कुणाचं वायफाय रुसलं, की पहिली हाक मलाच येते. नंतर मेकॅनिकलाही बोलवावं लागतं, पण ती गोष्ट वेगळी.

त्या शनिवारी शेजारच्या ज्योतिबाभाऊंकडे लग्नाची बैठक होती. ज्योतिबाभाऊ साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात माथाडी. भरलेली गोणी पाठीवर घेऊन हसत हसत चालतील, पण कुणाला 'नाही' म्हणायचं तर घाम फुटतो! त्यांची तेजश्री नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. मुलगा तिला पसंत होता, धास्ती वेगळीच होती.

"काका, मुलाकडच्यांना लग्नाची घाई आहे. शिक्षण सोड म्हणाले तरी पप्पा हो म्हणून बसतील," ती डोळे पुसत म्हणाली.

अशा वेळी मुलीचा मामा पुढे होऊन बोलतो. पण तिच्या आईला, रंगूवहिनींना, सख्खा भाऊच नाही! मला फार वाईट वाटलं. पण शेजारच्यानं बैठकीत तोंड घालायचं कसं?

आदल्या दिवशी रंगूवहिनी आमच्या दारात आल्या. "तौहीदभाऊ, उद्या तेवढी ती तुमची मीटिंग हळू करा. पाव्हण्यांस्नी वाटायचं, शेजारी मारामारी चाललीया!"

त्यांचं खोटं नव्हतं. मी न्हावा शेवा बंदरात आलेला माल सोडवून देणाऱ्या कंपनीत आहे. शनिवारी घरून काम. आमचे मालक अब्दुल्लाशेठ उरणजवळच्या मोरा बंदराचे. सगळा जन्म बंदराच्या गोंगाटात गेला, त्यामुळे साधं 'जेवलास का?' विचारलं तरी भाऊच्या धक्क्यापर्यंत ऐकू जावं!

"टेन्शन घेऊ नका, वहिनी! उद्या माझ्या घरातून एक आवाज बाहेर येणार नाही!"

लगेच जाऊन बिनवायरचा हेडफोन आणला. घरी आल्यावर कळलं, आमच्या जुन्या कॉम्प्युटरला ब्लूटूथच नाही. परत दुकानात! दुकानदारानं नखाएवढा अडॅप्टर हातावर ठेवला. "हा मागे खुपसायचा. स्क्रीनवर नाव येईल, ते दाबायचं. बस! आणि हेडफोन असला भारी आहे की बाहेरचं काही ऐकूच येणार नाही."

शनिवारी पाहुणे आले. माझी बायको नफिसा मदतीला शेजारी गेली. मी दार लावलं, अडॅप्टर खुपसला. स्क्रीनवर एकच नाव आलं, नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे. दाबलं. 'कनेक्टेड'! हेडफोन कानावर चढवला आणि अहाहा! काय ती शांतता! पैसे वसूल!

मीटिंग सुरू झाली. शेठचं तोंड हलत होतं, पण आवाज शून्य. मी आवाज वाढवला. अजून वाढवला. शेवटी पूर्ण वाढवला. शेठ भुवया उंचावून काहीतरी विचारत होते. मालकानं विचारलं की हो म्हणावं, हा माझा नियम. मी मान डोलावली. त्यांचा चेहरा लाल झाला. मी आणखी जोरात डोलावली. तसे शेठ खुर्चीतून उठलेच आणि बोट नाचवायला लागले!

गेली नोकरी! मी घाबरून हेडफोन मानेवर ओढला, आणि शेठचा आवाज आला. कॉम्प्युटरमधून नाही, भिंतीतून!

"कोनाचं शिक्षण बास? कोन बोलला तो?"

मी तसाच शेजारी धावलो. नफिसानं मला दारातच धरलं. "अहो, स्पीकरवर छान सनई चालली होती. ती एकदम बंद पडली आणि तुमचे शेठ बोलायला लागले!"

टीव्हीशेजारी त्यांचा स्पीकर निळा दिवा लावून बसला होता. माझा अडॅप्टर भिंत ओलांडून त्यालाच जाऊन चिकटला होता! वर त्या स्पीकरला माईकही होता. म्हणजे शेठ बैठकीत आणि बैठक शेठच्या ऑफिसात! मी बंद करायला परत फिरणार, तोच मुलाचे काका शहाजीराव स्पीकरकडे बघत गरजले, "कोन बोलतंय ह्ये?"

ज्योतिबाभाऊ जमिनीकडे बघत बसलेले. तेवढ्यात रंगूवहिनींनी पदर सावरला.

"मामा हायती तेजूचे! बंदरावर असत्यात."

नफिसानं माझं कोपर घट्ट धरलं. "हलू नका!"

शहाजीरावांनी स्पीकरला चक्क हात जोडले. "राम राम, मामा! पुढच्या महिन्यात उरकावं म्हंतो. शिक्षण काय, झालं तेवढं बास की."

"बास कसं?" स्पीकर थरथरला. "पोरी, परीक्षा कवा हाय तुझी?"

"मे महिन्यात... मामा," तेजश्री हळूच म्हणाली.

"मग लगीन त्याच्यानंतर! अवो, कागद पुरे झाल्याबिगर आमी बंदरातून साधा डबा हलवत नाय, आनि तुमी पोरगी हलवता?"

इतका वेळ गप्प बसलेला नवरामुलगा रणजीत एकदम म्हणाला, "काका, मलाबी त्येच म्हनायचं हुतं."

शहाजीरावांनी पुतण्याकडे डोळे वटारले. मग स्पीकरकडे वळले. "मामा, नाव काय आपलं?"

शेठना खोटं बोलता येत नाही, आणि हळू तर त्याहून नाही.

"अब्दुल्ला!"

पोह्यांचे चमचे जागच्या जागी थांबले. शहाजीराव सगळ्यांकडे आळीपाळीनं बघायला लागले. आणि ज्योतिबाभाऊ उठून उभे राहिले. कपाळावर घाम फुटला होता.

"व्हय. आमचे मानलेले मामा हायती. आन् पोरीची परीक्षा झाल्याबिगर लगीन न्हाई!"

त्यांनी 'नाही' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. रंगूवहिनींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शहाजीरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि खो खो हसले. "मामाचा शब्द मोडायचा कसा? आना सुपारी!"

मला इतकं हायसं वाटलं की मी दारातच बसकण मारली. स्पीकरमधून शेठ विचारत होते, "सुपारी कसली? तौहीद कुठं गेला?"

पाहुणे गेल्यावर नफिसानं माझ्या मानेवरचा हेडफोन उलटापालटा करून पाहिला. "अहो, हा तुम्ही चालूच केला नव्हता!"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. हेडफोन नसतानाही ते मला चांगलं जमतं.

तेजश्री पेढे घेऊन आली, तेव्हा मात्र मी मनापासून म्हणालो, "तेजू, माफ कर गं. आवाज मीच पूर्ण वाढवून बसलो होतो."

"तुमच्याकडून कुठे वाढला, काका? पहिल्यांदा बारीकच येत होता. मग मी चहा ठेवायला उठले आणि स्पीकरचं बटण दाबलं."

"बंद करायला ना?"

"नाही," ती पेढा माझ्या तोंडात कोंबत म्हणाली, "वाढवायला!"