नागप्पांची बिनउचकीची मिरची

नळदुर्गात आमच्या शेजारी राहणारे नागप्पा मिरचीची जात उचक्यांवर ठरवत. सकाळी पूजा आटोपली की ते परसात पाट मांडून बसत, झाडाची एक मिरची कच्चीच चावत आणि डोळे मिटून वाट बघत. उचकी आली की कानडीत मोजत, "ओंदु... यरडु... मूरु..." तीन उचक्यांची मिरची ठेच्याला, दोनची भाजीला, आणि पाचच्या पुढं गेलेली जावयाला. एखादी बाई भिंतीवरून म्हणायची, "अण्णा, कुणीतरी आठवण काढतंय जणू!" त्यावर ते डोळे पुसत सांगत, "आठवण न्हाय बाई, तिसऱ्या वाफ्यातली हाय."

निजामाच्या तहसील कचेरीत जन्मभर कारकुनी करून ते वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर, आले होते. कचेरी सुटली तरी कचेरीची जबान सुटली नव्हती. बी धरायला कोणतं झाड ठेवायचं याचा निकाल ते मोठ्यानं देत. लांब, लालभडक, बघणाऱ्याला भुरळ घालणारी मिरची असली तरी, "नुसता रुबाब. नामंजूर!" एखादी आखूड, काळपट, "साल जाड, बी भरपूर. मंजूर." ठरत नसलं की "मुलतवी", आणि त्या झाडाला चिंधी बांधायची. मंजूर झाडाची फळं झाडावरच लाल होऊ द्यायची, मग सावलीत वाळवून त्यांचं बी राखेत घोळायचं आणि वाळल्या भोपळ्यात भरून ठेवायचं.

हे बी ते कचेरीच्या शिपायाला देत, न्हाव्याला देत, वाटेनं जाणाऱ्या बाईच्या पदरात घालत. फक्त मला देत नसत. मी याच गावात पाठीवर पोती वाहून सुरुवात केली आणि पुढं स्वतःची मिरचीची अडत घातली. चांगला माल मला वासावरून कळतो.

"अण्णा, त्या तीन उचक्यांच्या मिरचीचं मूठभर बी द्या. भाव तुम्हीच बोला."

"शेठ, तुमी दहा गावच्या मिरच्या एका पोत्यात भरता. तुमच्या हाती वाण ऱ्हाईल का?"

"मला पोती विकायची असतात, वाण नाही!"

"म्हणूनच. नामंजूर."

मुलतवीसुद्धा नाही! सहा वर्षं मी विचारलं, सहा वर्षं हेच उत्तर. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी आम्ही इतके ओरडलो की एकदा चावडीवरचा शिपाई बघायला आला. आज लिहितानाही माझं डोकं तापतं.

त्यांच्या परसात विहिरीपलीकडं, तुरीच्या आडोशाला, एक वाफा वेगळा होता. शेजारी तिखट झाड आलं की पुढच्या बियाण्यात तिखटपणा उतरतो, म्हणून तो लांब. तिथं न्याय उलटा. एक जरी उचकी आली तरी झाड उपटून बाहेर. मी एकदा तिथली मिरची चाखली. वास मिरचीचा, चव गवारीची.

"अण्णा, बाजारात हिला कुत्रंसुद्धा विचारायचं नाही."

"बाजाराचं नाव कुणी घेतलं?"

"मग घरी खाता?"

"थू! असलं बेचव आमी खातो व्हय?"

तरी दर बाजाराच्या दिवशी त्या मिरचीची एक परडी भाजीवाल्या चांदबीच्या डोक्यावरून कुठंतरी जात असे.

नागप्पांचे थोरले भाऊ ईरप्पा पलीकडच्या गल्लीत राहत. वाटणीत विहिरीच्या पाळीवरून दोघं भांडले, तेव्हापासून बोलणं बंद. एक दिसला की दुसरा वाट बदलायचा. ईरप्पांचं तोंड कायम आलेलं असायचं. वैद्यानं तिखट बंद केलं होतं, आणि मिरचीशिवाय भाकरी म्हणजे त्यांना उपास वाटे. एका बाजारी ते परडी घेऊन माझ्या दुकानात आले.

"शेठ, सौदा एकट्या तुमालाच येतो असं समजू नका. त्या चांदबीकडनं दर बाजारी निम्म्या भावात घेतो. आन् तोंडाला झोंबत न्हाय! असली दुसरीकडं मिळत न्हाय."

मी परडीत डोकावलो. माल ओळखायला वेळ लागला नाही. मनात म्हटलं, नागप्पा, सापडलात.

तसाच उठून त्यांच्या परसात गेलो. "बी काढा. नाहीतर ती मिरची कुणाच्या वाफ्यातली ते ईरप्पाला सांगतो."

मला वाटलं होतं, ते ओरडतील. ते घरात गेले, भोपळा आणला आणि सगळाच्या सगळा माझ्यापुढं ठेवला.

"समदं घ्या. एका पोत्यात भरा हवं तर. पण त्येला कळू देऊ नका. माझ्या हातचं म्हटलं की टाकून देईल. आन् औंदा त्येचं तोंड लई आलंय म्हणं. दुसरं काय खाईल त्यो?"

सहा वर्षं मागितलेला माल फुकट समोर आला होता. मी त्याला हात लावला नाही. "बूच लावा, किडे शिरतील," एवढं खेकसलो आणि निघालो. मागितलं तेव्हा मूठभर द्यायला काय झालं होतं, हा माझा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.

पुढच्या बाजारी ईरप्पा पुन्हा आले. "आज चांदबी अडून बसली होती. पण सोडली न्हाय. आणखी भाव पाडला. बोला शेठ, जमतंय का न्हाय आमाला?"

दुसऱ्याच्या सौद्याला मी आयुष्यात चांगलं म्हटलेलं नाही.

"तुमच्यापुढं मी काय," म्हणालो. "पण तिला इतकं ताणू नका. यायची बंद होईल."

ईरप्पा थबकले. "व्हय. तेवढी एकच आणती असली," म्हणाले, आणि चांदबी उठून जायच्या आत तिला गाठून पाडलेले पैसे द्यायला बाजाराकडं परत फिरले.